एका क्रियापदाचा गुन्हा

१

कागद गेला तो शनिवारी, गणगौरीच्या दिवशी, दुपारी दोन ते सहाच्या दरम्यान. एकोणसाठ सालची गोष्ट आहे, पण मला ती काल घडल्यासारखी आठवते, कारण त्यात माझ्या नवऱ्याचीही चोरी पकडली गेली. ती वेगळी. सांगते पुढं.

जयपुरात बनी पार्कमधल्या एका घरात आम्ही तीन मराठी बिऱ्हाडं भाड्यानं राहत होतो. पुढच्या दोन खोल्यांत मी रमा आणि आमचे हे, नंदकिशोर, विमा कचेरीतले. मागच्या खोल्यांत प्रभा शेडगे आणि तिचे सासरे बापू. गच्चीवरच्या खोलीत विजयमालाताई. त्या मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. नागपूरच्या बाई, बोलण्यात गोड, पण कुणी चुकीचं इंग्रजी बोललं की दाढ दुखल्यासारखा चेहरा करायच्या.

त्या दिवशी सकाळीच मी चैत्रगौर मांडली होती. मराठी चैत्रगौर आणि इथली गणगौर एकाच तिथीला येतात, त्यामुळे गौर बसवायची आणि दुपारी त्रिपोलिया दरवाजाला गणगौरीची सवारी बघायला पळायचं, असा माझा दरवर्षीचा नेम. सहाला मी आणि ताई टांग्यातून उतरतो न उतरतो तोच प्रभा दारात उभी. अंगावर अजून ड्यूटीची पांढरी साडी, आणि चेहरा त्याहून पांढरा.

"वहिनी, पत्र नाहीये."

"कुठलं पत्र?"

"डॉक्टरांचं. दिल्लीचं. पाकिटात बाकी सगळं आहे, तेवढंच नाहीये."

हातातली पिशवी मी तिथंच ओट्यावर टाकली. कारण त्या पत्राशिवाय प्रभाचा अर्ज म्हणजे रद्दी होती, हे आमच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

२

प्रभाची गोष्ट थोडक्यात सांगते. नवरा विष्णू केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन इथं आला आणि वर्षाच्या आत विषमज्वरानं गेला. बापू साताऱ्याहून सुनेला न्यायला आले. ती म्हणाली, मी नर्सिंग शिकते. म्हातारा दोन दिवस ओट्यावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं गावाकडून आपली ट्रंक मागवून घेतली आणि इथंच राहिला. त्याला आता नऊ वर्षं झाली. सून ड्यूटीवर जायची आणि सासरा पोळ्या करायचा. गल्लीतल्या बायका हसायच्या. मी नाही हसले कधी.

आता प्रभाला दिल्लीला जाऊन नर्सांना शिकवणारी नर्स व्हायचं होतं. वर्षभराचं शिक्षण होतं. पण वयाची अट पस्तीस, आणि ही बया चार महिन्यांनी पुढं! त्यासाठी मोठ्या डॉक्टरांची शिफारस लागायची. डॉक्टर उत्तमराव आपले मराठीच. त्यांनी विजयमालाताईंना सांगितलं, मसुदा तुम्ही करा, मी सही करतो. ताईंनी दोन रात्री जागून चार ओळी लिहिल्या. त्यात एक असा भारदस्त शब्द घातला की डॉक्टर म्हणे वाचून हसले. "'पात्र आहे' असं साधं कुणीही लिहील हो," ताई मला म्हणाल्या होत्या. "दिल्लीच्या साहेबाची मान वर झाली पाहिजे."

पत्र टाइप झालं, सही झाली, गोल शिक्का बसला, आणि गुरुवारी उत्तमराव बदली होऊन आसामला गेलेसुद्धा. दुसरं पत्र मिळणं शक्य नव्हतं. रविवारी चारच्या गाडीनं ह्यांच्या कचेरीतले एक गृहस्थ पाकीट दिल्लीला नेणार होते. सोमवारी शेवटची तारीख.

म्हणजे आमच्या हातात बावीस तास होते.

ताईंनी चष्मा पुसला. "रडू नको प्रभा. आधी पाकीट आण पाहू."

खाकी पाकीट, त्याला दोरा. प्रभानं दोनला ते टेबलावर ठेवलं होतं, त्या वेळी सगळे कागद आत होते. ताईंनी एकेक कागद काढला. अर्ज, जन्मदाखला, परीक्षेचं प्रमाणपत्र. सगळं जागच्या जागी. पत्र मात्र नाही. मग त्यांनी पाकीट उलटं करून पांढऱ्या रुमालावर झटकलं.

रुमालावर चिमूटभर पिवळी पूड पडली.

"हळद!" मी म्हणाले. आणि लगेच जीभ चावली. कारण त्या घरात हळदीचं ताट होतं ते माझ्याच गौरीपुढं.

३

"आता नीट ऐक," जिना चढता चढता ताई म्हणाल्या. "प्रभाचं वाईट करायचं असतं, तर माणसानं पूर्ण पाकीट नेलं असतं. नाहीतर जन्मदाखला नेला असता. पत्रच का? आणि बाकीचं पुन्हा नीट ठेवून दोरा का बांधला?"

"मला काय विचारता? मी काय पोलीस आहे?"

"दोन ते सहा घरात कोण होतं?"

मी मोजलं. प्रभा ड्यूटीवर. आम्ही दोघी सवारीला. बापू रोजच्यासारखे मागं झोपलेले; आम्ही आलो तेव्हा नुकते उठून फाटकात बसले असावेत. आमचे हे पुढच्या खोलीत झोपलेले. आणि साडेतीनला मालन येऊन गेली, असं शेजारच्या भाभीजी सांगत होत्या. मालन ही प्रभाच्याच दवाखान्यातली नर्स. त्या एकाच जागेसाठी दोघींची नावं होती, मालनचं दुसरं. प्रभा गळली की मालन आत.

"झालं तर!" मी म्हणाले. "चोर सापडला."

"इतकी घाई नको, रमा. आधी घरचा चोर पाहू." आणि त्या थेट आमच्या ह्यांच्यासमोर जाऊन बसल्या. "नंदकिशोरराव, दुपारी झोप लागली का?"

"गाढ," हे म्हणाले.

"मग तुमच्या सदऱ्याच्या बाहीवर पाक कसा लागला?"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. साखरेचा आजार आहे म्हणून मी घरातला गूळसुद्धा कुलपात ठेवलेला, आणि हा माणूस बायको सवारीला गेल्याबरोबर दार सताड उघडं टाकून स्टेशनजवळ घेवर खायला! एक नाही, दोन!

"म्हणजे घर उघडं होतं," ताई शांतपणे म्हणाल्या. "दोन्हीकडचं."

मी तणतणत गौरीकडे गेले तर तिथंही घोटाळा. पाळणा एका बाजूला कललेला, मागचा हिरवा खण सैल सुटलेला. "आणि आंब्याच्या डाळीत हात घालायला इथंही आला होता वाटतं!" मी ओरडले.

"शपथ घेतो रमा, डाळीला हात लावलेला नाही!"

घेवर खाल्लेल्या माणसाच्या शपथेवर कोण विश्वास ठेवतं? मी पाळणा सरळ केला, खण खोचला, आणि तो विषय तिथंच सोडला. किती मूर्ख होते मी!

४

मालन दोन गल्ल्या सोडून राहायची. आम्ही गेलो तेव्हा तिनं आधी दार उघडायलाच वेळ लावला, आणि ताईंनी पत्राचं नाव काढताच तिचे डोळे भरले.

"मला वाटलंच होतं, माझ्यावर येणार," ती म्हणाली. "मी आले होते. बापू फाटकातच भेटले. आत येऊ दिलं नाही. हे द्यायचं होतं प्रभाला." तिनं एक लोकरीची शाल पुढं केली. "दिल्लीची थंडी फार वाईट. आणि ताई, मी माझं नाव आठवड्यापूर्वीच मागं घेतलंय. माझ्या घरची परवानगी नाही. हवं तर मेट्रनना विचारा."

मला इतकी शरम वाटली की ती शाल मीच घडी घालायला लागले. ताईंनी मात्र एकच विचारलं. "बापू झोपलेले नव्हते?"

"छे! फाटकात खुर्ची टाकून बसले होते. हातात काठी. मला म्हणाले, प्रभा इथं राहत नाही, गावाला गेली."

आम्ही परत निघालो. वाटेत मी बोलायचं नाही म्हटलं तरी बोललेच. "ताई, लोक म्हणतात ते खरं असेल का हो? सून गेली तर म्हाताऱ्याचं कोण बघणार? म्हणून त्यानंच..."

ताईंनी पावलं उचलली.

फाटकात बापू बसलेलेच होते. सत्तर वर्षांचा ताठ म्हातारा, पांढऱ्या मिशा, डोक्याला फेटा. समोरून सायकलवर एक पोलीस शिपाई गेला तर ते उठून उभे राहिले आणि तो वळणापलीकडे जाईपर्यंत बसले नाहीत. मला म्हणाले, "रमा, कुनी इचारलं तर प्रभा गावाला गेली म्हून सांग. इसरू नगंस."

तेवढ्यात सूर्य मावळला. बापूंनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं, सुटकेचा श्वास टाकला, खुर्ची उचलली आणि म्हणाले, "चला, आता आज कुनी येत न्हाई."

आत जाऊन त्यांनी निवांत भाकरी खाल्ली, आणि फाटक रात्रभर उघडंच राहिलं.

ताई बराच वेळ त्या उघड्या फाटकाकडे बघत उभ्या होत्या. "रमा," त्या हळूच म्हणाल्या, "चोरापासून राखण लोक रात्री करतात. हा माणूस दिवसाची राखण करून राहिला. असा कोण येतो गं दारात, जो सूर्य मावळला की येऊच शकत नाही?"

५

रविवारी सकाळी सूर्य उगवायला आणि बापूंनी फाटकात खुर्ची टाकायला एकच गाठ पडली. प्रभा दुसरी प्रत कुठं मिळते का बघायला दवाखान्यात गेली होती. रात्रभर ती झोपली नव्हती, आणि सासऱ्याला शब्दानंही काही विचारलं नव्हतं. तिलाही तीच शंका आली असणार, जी मला आली होती. म्हणून तर विचारलं नाही.

बारा वाजता ताई वरून उतरल्या. मला म्हणाल्या, "चल," आणि एक वेताचा मोडा ओढून बापूंच्या शेजारी बसल्या.

"बापू, नोकरीत काय होता तुम्ही?"

"बेलीफ. सातारच्या कोडतात. सत्तावीस वरसं."

"बेलीफ म्हणजे समन्स, वॉरंट बजावायचं काम. दिवाणी वॉरंट घेऊन सूर्य मावळल्यावर कुणाच्या घरात शिरता येत नाही. खरं ना?"

बापूंची काठीवरची मूठ घट्ट झाली. "न्हाई शिरता येत. कायदाच हाय तसा."

"काल तुम्ही प्रभाचं पाकीट उघडलंत. चोरायला नाही. खंडोबाचा भंडारा टाकायला. पोरीचं काम व्हावं म्हणून. मला रात्रभर कोडं पडलं होतं, की भंडारा टाकणारा हात आणि पत्र काढणारा हात एकच कसा? ज्याला तिचं भलं हवं, त्यानं तिचं पत्र का न्यावं? मग सकाळी उजाडताच तुम्ही खुर्ची टाकलीत आणि मला कळलं. तुम्ही पत्र नेलंच नाही बापू. तुम्हाला वाटलं ते दुसरंच काही आहे. इंग्रजी किती वाचता येतं तुम्हाला?"

म्हातारा फार हळू म्हणाला, "दोनच शब्द. एक माझ्या सुनंचं नाव. भिंतीवर तिचं सर्टिफिकेट लावलंय, त्यावरनं शिकलो. आनि दुसरा..."

"दुसरा मी सांगते. वॉरंट."

ताईंचा तो भारदस्त शब्द!

"प्रत्येक कागदाच्या माथ्यावर असायचा," बापू म्हणाले. "सत्तावीस वरसं. झोपेत दाखवला तरी वळखीन. भंडारा टाकाया पाकीट उघडलं, तर वरच कागूद. सुनंचं नाव, खाली त्यो शब्द, त्याखाली सही, गोल शिक्का. मागल्या म्हयन्यात त्या पेशंटचा भाऊ तिला वरडला व्हता ना, भेटीची येळ नसताना आत सोडलं न्हाई म्हून? कोडतात खेचीन म्हनला. पोर हसून सांगत व्हती. मला हसू आलं न्हाई. कोडत काय असतंय ते मला ठावं."

"मग?"

"मग काय, ताई! लोकांच्या दारात मी त्यो कागूद नेला. चुलीवर भाकरी असताना बाया रडल्यात माझ्यापुढं. म्या पोटासाठी केलं. पर माझ्या इष्णूच्या बायकोला कुनी धरून न्यायचं, आनि म्या बेलीफ असून बघत बसायचं?" त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "कागूद हातात नसला तर धरता येत न्हाई. म्हून लपिवला. जाळला न्हाई. सरकारी कागूद जाळत न्हाईत."

"कुठं लपवलात?"

बापूंनी खाली मान घालून माझ्याकडे बोट केलं. "झडती घेत्यात ती ज्याचं वॉरंट त्याच्या घराची. शेजाऱ्याच्या देवाला कोन हात लावतंय? आनि गौर अक्षय तृतीयेपातूर हलत न्हाई."

मी पळतच आत गेले. हिरव्या खणामागं हात घातला. कालच मी तो खण स्वतःच्या हातानं खोचला होता! घडी घातलेलं पत्र तिथंच होतं, कोपऱ्याला थोडी हळद लागलेलं. त्या क्षणी मला ह्यांची क्षमा मागावीशी वाटली. डाळीबद्दल फक्त. घेवराबद्दल नाही.

६

ताईंनी पत्र हातात घेतलं, पण वाचता येईना, त्यांचे डोळे इतके भरले होते. "गुन्हेगार मी आहे बापू," त्या म्हणाल्या. "साधा शब्द चालला असता. मला मिरवायचं होतं. हा तोच शब्द आहे, पण इथं तो क्रियापद आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे..." आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली बाई, पण अडखळली. "म्हणजे हिचं काम असं आहे, की हिला हे मिळालंच पाहिजे. हिच्यासाठी नियम वाकवला तर तो अन्याय नाही, तो न्यायच. हिचा हक्क आहे, असं डॉक्टर सरकारला सांगताहेत."

बापू त्या कागदाकडे बघत राहिले. "ह्या वॉरंटात धरत न्हाईत?"

"नाही बापू. सोडतात."

सोडतात. तो शब्द म्हाताऱ्याला जाऊन लागला. वॉरंटाच्या भीतीत तो विसरूनच गेला होता, की कागद खरा निघाला म्हणजे सून जाणार. वर्षभर. आणि त्या घरात एका माणसापुरत्या पोळ्या व्हायच्या. मला वाटलं, आता हा पत्र परत मागतो की काय. मागितलं असतं तर मी तरी नाही कसं म्हणणार होते?

ते उठून आत गेले.

दोन वाजता प्रभा रिकाम्या हातानं परत आली. फाटकातच थबकली. समोर बापू उभे होते. अंगात डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा जुना खाकी कोट, छातीवर आडवा पट्टा, पट्ट्यावर घासून लख्ख केलेला पितळी बिल्ला. मी, ताई आणि आमचे हे ओट्यावर.

"प्रभा विष्णू शेडगे हाजिर है?" बापूंनी खणखणीत आरोळी दिली. शेजारच्या भाभीजी डोक्यावर पदर घेत गच्चीत आल्या.

"मामंजी, हे काय?"

"हजर असलात तर व्हय म्हना."

"हो," प्रभा म्हणाली. "हजर आहे."

"तुमच्या नावानं वॉरंट हाय." ताईंनी दिलेलं पत्र त्यांनी दोन्ही हातांनी पुढं केलं. "नीट बघून घ्या. नाव तुमचंच हाय ना?"

प्रभानं पत्र पाहिलं, बापूंकडे पाहिलं, पुन्हा पत्र पाहिलं. ताईंनी तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ती पोर हसायला लागली, आणि हसता हसता सासऱ्याच्या त्या खाकी कोटात तोंड लपवून हमसून हमसून रडली. "मला वाटलं तुम्हीच... मामंजी, मला वाटलं तुम्हाला मी जायला नको आहे..."

"नगोच हाय," बापू म्हणाले. "पर बेलीफाला काय वाटतंय ते कुनी इचारत न्हाई. त्यानं बजवायचं."

चारच्या गाडीनं पाकीट गेलं. जुलैत प्रभाही गेली, मालनची शाल घेऊन. आणि ताईंनी त्यानंतर कुणाच्याही शिफारसपत्रात तो शब्द घातला नाही, साधं 'डिझर्व्ह' लिहायच्या.

पण बापूंचं काम त्या दुपारी संपलं नव्हतं. वॉरंट बजावलं की बेलीफाला अहवाल लिहावा लागतो. त्यांनी माझ्याकडून दौत-टाक मागून घेतला आणि एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर रीतसर अहवाल लिहिला. तो माझ्याजवळ अजून आहे.

"सदर वॉरंट आज रोजी दुपारी दोन वाजता, सूर्य वर असताना, प्रभा विष्णू शेडगे हिला समक्ष बजावले. तिने ते बिनतक्रार स्वीकारले. ती शिकून परत येईल यास मी जामीन आहे. बजावतेवेळी सून रडली. बेलीफ रडला नाही. बापू शेडगे, बेलीफ, निवृत्त."

खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. म्हणून खरं ते सांगणं मला भाग आहे. त्यातलं शेवटचं वाक्य साफ खोटं आहे.